खरारा

१

मास्तरांच्या गळ्यातली टेप दिवसातून दोनदाच उतरायची. एकदा झोपताना, एकदा आंघोळीला जाताना. लग्नाच्या फोटोतसुद्धा ती कोटाच्या आतून डोकावते असं त्यांची बायको सगळ्यांना सांगायची, आणि कुणी फोटो मागितला की तो नेमका सापडायचा नाही. पुढे शिंपीकामाचं दुकान, मागे दोन खोल्या, सगळ्यात मागे न्हाणीघर, एवढाच पसारा. गिऱ्हाइकं त्यांना मास्तर म्हणायची आणि बायकोला वहिनी. तीस वर्षांत दोघांची खरी नावं कुणाला लागलीच नव्हती.

वहिनींना दोन वर्षं खाज होती. पुरळ नाही, डाग नाही, नुसती खाज. दिवसा कामात विसरायच्या, पण अंथरुणाला पाठ टेकली की सुरू. मलमं झाली, गोळ्या झाल्या, गार पाणी, कोमट पाणी, सुती चादर, सगळं झालं. शेवटी त्यांची धाकटी बहीण, जी पार्लरमध्ये कामाला होती, ती एका दुपारी दोन ब्रश घेऊन आली. लाकडी, लांब दांड्याचे, राठ केसांचे. आंघोळीच्या आधी कोरड्या अंगावरून फिरवायचे, तिने सांगितलं. पाण्याचा थेंब नको, तेल नको. पावलापासून सुरू करायचं आणि वर वर यायचं. नेहमी हृदयाच्या दिशेने. उलटं कधीच नाही. मेलेली कातडी झडते, रक्त खेळतं, अंग तुकतुकीत होतं, हे सगळं तिने पार्लरमधल्या खास मऊ आवाजात सांगितलं. दुसरा ब्रश भावोजींसाठी होता, कारण भावोजींच्या पिंडऱ्यांवर तिला म्हणे खवले दिसले होते.

मास्तर म्हणाले, घोड्याला करतात तो खरारा हाच काय?

"घोड्याला निदान चाल तरी असते," वहिनी म्हणाल्या.

तेव्हापासून त्या प्रकाराचं नाव खरारा पडलं. मास्तरांनी थट्टा केली खरी, पण त्यांना ते मनापासून पटलंही होतं. लोकरी कापडाला लव असते. चांगला कारागीर कापड टेबलावर पसरतो, एकाच दिशेने ब्रश मारून लव बसवून घेतो आणि मगच बेतायला घेतो. नाहीतर एक बाही उजळ दिसते आणि दुसरी काळपट. अंगालाही लव असतेच की, असं म्हणून त्यांनी पिंडरीवरून पहिला हात फिरवला आणि वहिनींना म्हणाले, बघ, कसं एकसारखं दिसतंय.

पाचव्या सकाळी वहिनी उशिरा उठल्या. अंथरुणात बसून बराच वेळ घड्याळाकडे बघत राहिल्या. "सात वाजले हो," एवढंच म्हणाल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या सलग झोपल्या होत्या. मास्तर चहाचं आधण ठेवत होते, त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, कारण वहिनींना रडताना कुणी पाहिलेलं आवडत नसे.

पाठीला आपला हात पुरत नाही. म्हणून रोज सकाळी दोघांनी एकमेकांची पाठ घासून द्यायची, असं ठरलं. लग्नाला तीस वर्षं झालेल्या माणसांना एकमेकांच्या पाठीला हात लावायला असं काहीतरी निमित्त लागतंच.

२

पंधराएक दिवसांनी मास्तरांना रेघ दिसली.

न्हाणीघरात स्टुलावर एक पाय ठेवून ते मांडीवर ब्रश फिरवत होते. डाव्या मांडीच्या बाहेरच्या अंगाला, कमरेपासून गुडघ्यापर्यंत, एक पांढरी रेघ उमटली होती. कोरड्या कातडीवर नख ओढलं की उमटते तशी. त्यात नवल ते काय? ब्रशचा एखादा केस टोचला असेल.

पण ती रेघ सरळ होती.

मास्तरांच्या हाताखाली तीन कारागीर शिकून गेले होते. पट्टी न लावता खडूची सरळ रेघ मारायला पहिल्याला सहा वर्षं लागली, दुसऱ्याला नऊ, आणि तिसऱ्याने कंटाळून भाजीचं दुकान टाकलं. हातानं मारलेली सरळ रेघ आणि पट्टीने मारलेली सरळ रेघ यात फरक असतो. हातानं मारलेली जिवंत असते, मध्ये कुठेतरी अगदी अंमळ श्वास घेते. ही रेघ हातानं मारलेली होती.

त्यांनी ब्रश उजेडात धरून पाहिला. सगळे केस सारख्या उंचीचे. अंगावर पाणी घेतल्याबरोबर रेघ गेली. मग त्यांनी मनातल्या मनात स्वतःला दोन शिव्या घातल्या. माणसाने जन्मभर एकच धंदा केला की त्याला सगळीकडे तोच दिसतो, न्हावी माणसाच्या तोंडाकडे न बघता कल्ल्यांकडे बघतो, तसलंच हे.

दुसऱ्या दिवशी रेघ त्याच जागी होती. शेजारी, बरोबर दीड बोटावर, दुसरी. पहिलीला समांतर.

दीड बोट म्हणजे शिवणीसाठी सोडायची जागा. मास्तर स्वतः तेवढीच सोडायचे.

३

कातडीचा डॉक्टर तरुण आणि हसरा होता. त्याने पेनाच्या टोपणाने मास्तरांच्या हातावर एक फुली काढली, मिनिटभर थांबला, आणि उमटलेली फुली अभिमानाने दाखवली. काही लोकांची कातडी अशी लिहिते, म्हणाला. कुणाची लाल, कुणाची पांढरी. निरुपद्रवी असतं. ब्रश जरा हलका मारा.

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. दाराशी पोचल्यावर त्यांनी वळून विचारलं, की सरळ रेघ ठीक आहे, पण गोलाई उमटते का? डॉक्टरला प्रश्न कळला नाही. मास्तरांनी खांद्यापासून काखेपर्यंत बोटाने एक वळण काढून दाखवलं. मुंढ्याची गोलाई, म्हणाले, जिथे बाही बसते ती. डॉक्टर हसला आणि म्हणाला, मास्तर, सुट्टी घ्या थोडे दिवस.

कारण तोवर गोलाई आली होती. मुंढ्याची गोलाई आपोआप होत नसते. ती दोन झटक्यांत काढावी लागते, एक खाली येणारा आणि एक आत वळणारा, आणि दोन्ही जिथे मिळतात तिथे खडू किंचित दाबला जातो. मास्तरांच्या छातीवर तो दाबही दिसत होता.

वहिनी पाठ घासताना म्हणाल्याच होत्या, अहो, पाठीवर रेघोट्या उठतात तुमच्या, मी जास्त दाबते का? मास्तर म्हणाले, नाही गं, माझी कातडी लिहिते. वहिनी म्हणाल्या, मग तुमच्यापेक्षा हुशारच की.

एका सकाळी मास्तर टेप घेऊन न्हाणीघरात शिरले. कडी लावली. अंग घासलं. मग आरशासमोर उभं राहून, वाकून, पाय स्टुलावर घेऊन त्यांनी स्वतःच्या अंगावरच्या रेघा मोजल्या. पाठ दिसेना, तर वहिनींचा हातात धरायचा छोटा आरसा आणला. अर्धा तास गेला. बाहेरून वहिनींनी विचारलं की आत झोपलात का.

तुकड्यांवरून कपडा ओळखणं हे त्यांचं रोजचं काम. पहिल्यांदा त्यांना वाटलं होतं की मांडीवरच्या रेघा पॅंटच्या असतील. नव्हत्या. ती बाही होती. डाव्या काखेतून निघून कुशीवरून, मांडीवरून थेट घोट्यापर्यंत गेलेली. पाठ पाठीवर होती. पुढचे दोन भाग छातीपोटावरून उजव्या कुशीला वळसा घालून उजवा पाय पूर्ण खाऊन बसले होते. कॉलर दंडावर, तिरकी, जशी ती तिरकीच काढायला हवी. मास्तरांना भीती वाटायच्या आधी कौतुक वाटलं, हे खरं आहे. इतकं नेटकं बेतलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. बोटभर चिंधी वाया जात नव्हती.

दुकानात येऊन त्यांनी मापं कागदावर उतरवली. छाती सव्वीस. खांदा अकरा. गळा नऊ. बाही एक्केचाळीस.

त्यांनी तीस वर्षांच्या मापांच्या वह्या काढल्या. छाती सव्वीस म्हणजे शाळेत जाणारं पोर. गळा नऊ म्हणजे तान्हं बाळ. आणि एक्केचाळीस इंचांची बाही त्यांनी आयुष्यात शिवली नव्हती. इतक्या लांब हाताचं माणूस उभं राहिलं तर त्याची बोटं जमिनीला लागतील. वह्यांत असं कुणी सापडलं नाही, आणि याचंच त्यांना बरं वाटलं. मग लगेच वाटलं की सापडलं असतं तर जास्त बरं झालं असतं.

मग त्यांनी कागदावर तुकडे पुन्हा मांडले आणि त्यांच्या लक्षात आलं की एक तुकडा नाही. उजवी बाही. दोनदा मोजलं. अंगावर तिला जागाच उरत नव्हती.

कापड कमी पडत होतं.

असं झालं की मास्तर काय करायचे? गिऱ्हाइकाला निरोप धाडायचे, की याच जातीचं, याच रंगाचं, याच्याच जोडीने वापरात असलेलं आणखी थोडं कापड घरात असेल तर बघा.

ते तसेच उठले. मागून वहिनींची हाक येत होती, की अहो, येताय ना पाठ घासायला, पाणी निवतंय.

४

वहिनींच्या उजव्या काखेतून एक रेघ निघून खाली कुशीवर गेली होती. शेजारी दीड बोटावर दुसरी. वरच्या टोकाला, जिथे बाही मुंढ्याला जुळते, तिथे दोन बारीक आडव्या खुणा होत्या. शिवताना कुठला तुकडा कुठे लागायचा ते चुकू नये म्हणून करतात त्या. तशाच दोन खुणा मास्तरांनी सकाळी आरशात, स्वतःच्या पाठीवर, उजव्या मुंढ्याशी पाहिल्या होत्या.

त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि म्हणाले, आजपासून हे बंद.

का, ते त्यांना सांगता येईना. डॉक्टर नको म्हणाला, असं सांगितलं. वहिनींनी डॉक्टर ब्रश हलका मारा म्हणाला होता याची आठवण करून दिली. मास्तर म्हणाले, कातडी पातळ होते. वहिनी म्हणाल्या, मग होऊ दे पातळ, इथे जाड कुणाला हवीय. शेवटी मास्तरांनी रेघा दाखवल्या, मापं सांगितली, कागद आणून समोर धरला. वहिनी कागदाकडे आणि मग त्यांच्याकडे बघत राहिल्या. हसल्या नाहीत, हेच मास्तरांना जड गेलं.

"तुम्हाला झोप लागत होती हो," त्या हळूच म्हणाल्या. "दोन वर्षं मी छताकडे बघत पडायचे. तुम्ही घोरायचात आणि मला वाटायचं, उठून अंगावरचं सगळं सोलून काढावं. आता जरा झोपतेय, तर ते बंद करा म्हणताय. कशासाठी, तर रेघांसाठी?"

मास्तर हळूहळू समजावू लागले, आवाज चढला, मग उतरला. वहिनी त्या दिवशी त्यांच्याशी बोलल्या नाहीत. संध्याकाळी मास्तरांनी दोन्ही ब्रश कटिंगच्या टेबलाखाली, चिंध्यांच्या पोत्यात तळाशी कोंबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं स्वयंपाकघरात चहा पीत बसले होते. समोरासमोर. न्हाणीघरातून आवाज आला.

खस्स. खस्स. खस्स.

लहान, हलके, एका दिशेचे. मध्ये थांबून पुन्हा. मास्तरांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी बशीत चहा ओतत होत्या. बाहेर कुणी अंगण झाडत असेल, असं मास्तर स्वतःला म्हणाले. पण झाडूचा आवाज लांबतो. हा लांबत नव्हता. हा खालून वर जात होता. आणि तो जसजसा वर जात होता, तसतशी त्यांची पिंडरी गरम झाली, मग गुडघा, मग मांडी.

ते उठले. न्हाणीघराच्या दाराला वरच्या अर्ध्यात धुरकट काच होती. काचेमागे उजेड होता, आणि उजेडात काहीतरी हलत होतं. अरुंद, उभं. त्याच्यापासून निघालेली एक बारीक सावली काचेच्या खालच्या कडेपासून वरच्या कडेपर्यंत सरळ वर गेली आणि खाली आली. पुन्हा वर गेली. कुठेही वाकली नाही. एवढ्या लांब हाताला मध्ये कोपर असायला हवं होतं.

मास्तरांनी दार उघडलं. आत स्टूल होतं, बादली होती, खिडकीबाहेर दोरीवर ओला पंचा हलत होता. पंचाच तो. पंचाच असणार. काळ्या फरशीवर पिठासारखी पांढरी भुकटी पडली होती, आणि कालच्या सकाळपासून तिथे कुणी अंग घासलं नव्हतं.

मागून वहिनींचा आवाज आला. अबोला विसरून, खुशीत त्या म्हणाल्या, "अहो, गंमत बघा. आज न घासताच किती बरं वाटतंय."

५

मास्तरांनी त्या दिवशी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि विचार करत बसले. देवदेवस्की, मांत्रिक, असल्या गोष्टी त्यांना सुचल्याच नाहीत. त्यांना सुचलं ते एका शिंप्याला सुचेल तेच. बेतलेलं कापड शिंपी कधी टाकून देतो? उंदराने कुरतडलं, डाग पडला, किंवा इस्त्रीने जळलं, की टाकतो. मधोमध जळलेल्या कापडाचा कुणी कोट शिवत नाही.

माझं कापड खराब झालं, की काम रद्द. काम रद्द झालं, की एकट्या उजव्या बाहीचं कोण काय करणार? बायको सुटली.

हिशोब त्यांना चोख वाटला. त्यांनी टेपचं टोक दातांत धरलं. जड लोखंडी इस्त्री तापली होती. तिचं टोक त्यांनी डाव्या मांडीवर, बेतलेल्या बाहीच्या बरोबर मधोमध टेकवलं आणि पाच आकडे मोजायचे ठरवले. तीनपर्यंत मोजले.

वहिनींना त्यांनी सांगितलं की इस्त्री हातातून सटकली. वहिनींनी मलम लावलं, फुंकर घातली, आणि तीस वर्षांत जेवढं बोलल्या नव्हत्या तेवढं एका संध्याकाळी बोलून घेतलं. म्हातारपण आलं, डोळे गेले, आता दुकान बंद करा. मास्तर ऐकत होते आणि हसत होते. वेदनेने डोळ्यांत पाणी होतं, पण त्यांना कित्येक दिवसांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

सकाळी त्यांनी सगळ्या अंगावर उजेड पाडून पाहिलं. मांडीवर पट्टी होती. बाकी काही नाही. छाती कोरी, पोट कोरं, पाय कोरे. नखाने ओरखडून पाहिलं तरी रेघ उमटेना. हातातला आरसा धरून पाठ पाहिली. कोरी. मास्तरांनी आरशातल्या स्वतःला डोळा मारला आणि लंगडत, शीळ घालत स्वयंपाकघरात आले. वहिनी म्हणाल्या, भाजल्यावर माणूस शीळ घालतो हे पहिल्यांदाच बघतेय. मास्तर म्हणाले, तू अजून मला पुरतं कुठे पाहिलंस.

असं हसतखेळत वहिनी आंघोळीला गेल्या. ब्रश कुठे लपवलेत ते मला ठाऊक आहे, असं जाता जाता म्हणाल्या. मास्तरांनी अडवलं नाही. आता काय हरकत होती?

६

हाक आली तेव्हा मास्तर काज करत होते. सुई कापडात तशीच ठेवून ते गेले.

वहिनी स्टुलावर, दाराकडे पाठ करून बसल्या होत्या. पुढून पंचा धरलेला, ब्रश खांद्यावरून मागे दिलेला. मास्तरांनी तो घेतला, आणि त्यांचा हात तिथेच राहिला.

पाठीवर पाठ बेतलेली होती. मुंढ्याची गोलाई दोन झटक्यांत काढलेली. पुढचे भाग कुशींवरून वळून पंच्याखाली गेले होते. डावी बाही होती. उजवी होती. जागा पुरत नव्हती म्हणून दोन्ही बाह्यांना मधोमध जोड घेतला होता, आणि शिवणीचं दीड बोट कमी करून एक केलं होतं. कसबी माणूस कापडाला कापड पुरवतो तसं. कॉलर मानेवर, केसांच्या कडेला, तिरकी. सगळा कपडा एकाच अंगात बसवला होता. एक तसूही बाहेर नाही.

मास्तरांना तेव्हा कळलं. एक कापड जळालं म्हणून गिऱ्हाइकाचं काम कुणी रद्द करतं का? तीस वर्षांत त्यांनी स्वतः केलं होतं का एकदा तरी? जळकं बाजूला टाकायचं आणि दुसऱ्या कापडात सगळं बसवायचं, कमी पडलं तर जोड द्यायचा. दुकानात नवीन आलेल्या पोरालाही हे कळलं असतं. बायकोच्या वाट्याची एक बाही होती. तिला त्यांनीच अख्खा कोट करून दिला.

"थांबलात का?" वहिनी म्हणाल्या.

मास्तरांनी ब्रश टाकला आणि दोन्ही तळवे वहिनींच्या पाठीवर दाबून धरले. मधोमध, बोटं फाकून, जितकी जागा झाकता येईल तितकी. कापडावर कुणाचा हात असेल तर कात्री लावता येत नाही, हा एकच विचार त्यांच्या डोक्यात होता. हात उचलायचे नाहीत. मग दुकान बंद राहो, दुपार होवो, काही होवो.

वहिनी हसल्या. म्हणाल्या, आज काय एवढं प्रेम आलंय? मग म्हणाल्या, अहो, गार वाजतंय, आटपा. मग मास्तरांचे तळवे पाठीवर आणखी घट्ट दाबले गेलेले त्यांना जाणवले असावेत, कारण त्यांनी मान वळवायचा प्रयत्न केला आणि अगदी वेगळ्या आवाजात विचारलं, "काय झालं? काय दिसतंय तुम्हाला?"

"काही नाही गं," मास्तर म्हणाले. "हलू नकोस. अजिबात हलू नकोस."

न्हाणीघर शांत होतं. नळाचा एक थेंब बादलीत पडला. कात्री लावण्याआधी शिंपी कापडाच्या दोन्ही कडा धरतो आणि ते एकदाच, सावकाश, ताणून घेतो, म्हणजे एकही सुरकुती राहत नाही. मास्तरांनी हे हजारो वेळा केलं होतं, आणि त्यांचे तळवे ती ओढ डोळे मिटूनही ओळखत.

त्यांच्या हातांखालची कातडी कमरेच्या दिशेने सावकाश ताणली गेली.